चेंडू चालतो, कप चालत नाही

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही एक कायदा शिकवावा लागत नाही: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. क्रिकेटच्या कुठल्याही नियमपुस्तकात तो सापडणार नाही. मग तो आला कुठून? बॅटला पैसे पडतात. ते ज्याच्या घरी असतात त्याचा शब्द चालतो, आणि तोच शब्द संध्याकाळी नियम होऊन बसतो. दुसरा कायदा पाहा. समोरच्या काकूंच्या खिडकीला चेंडू लागला की आऊट. यामागे काकूंचा धाक आहे. तिसरा कायदा कच्च्या लिंबाचा. धाकट्या भावंडाला खेळवायचं, पण त्याचं आऊट धरायचं नाही, कारण ‘यालाही घ्या’ असं आईनं दारातूनच बजावलेलं असतं.

पैसा, शेजार आणि घर. तीन नियमांतून अख्खी गल्ली खेळात शिरली.

तरीही आपण सहज म्हणून जातो, ‘मैदानावर सगळे सारखे, खेळात जात नसते, धर्म नसतो.’ हे खरं आहे का? खेळामुळे समाज बदलतो, की समाजच खेळाला आपल्या वळणावर नेतो? उत्तर शोधायला एकच गोष्ट नीट पाहू: मुंबई आणि पुण्याच्या क्रिकेटची, साधारण १८४८ ते १९४६ या शंभर वर्षांतली.

१. आधी जागा

खेळाला सर्वांत आधी काय लागतं? चेंडू नव्हे, जागा. आणि जागा कोणाला मिळते, हा खेळाचा नसून सत्तेचा प्रश्न असतो.

मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ साली ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ काढला. कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर त्यांचा खेळ चाले. युरोपियनांनी १८७५ मध्ये आपला बॉम्बे जिमखाना उभारला. एतद्देशीयांना तिथं सभासदत्व नव्हतंच. पुढे गोरे अधिकारी उरलेल्या मैदानावर पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली, की तिथं पडलेला चेंडू कुठं उसळेल याचा नेम राहत नसे. पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, वर्तमानपत्रांतून पत्रं लिहिली. हा झगडा काही वर्षं चालला. शापूरजी सोराबजी या क्रिकेटपटूनं त्यावर पुढे पुस्तकही लिहिलं.

शेवटी सरकारनं काय केलं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. घोडे हटवण्याऐवजी सरकारनं पारशी जिमखान्याला समुद्रालगत, भराव घालून तयार केलेल्या पट्ट्यात वेगळी जागा दिली. मग तशीच मागणी हिंदू आणि मुसलमान खेळाडूंकडून आली आणि त्यांनाही शेजारीशेजारी भूखंड मिळाले. आज मरीन ड्राइव्हवरून चालत गेलात तर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांच्या पाट्या ओळीनं दिसतात. मैदानाच्या तक्रारीचं उत्तर सरकारनं धर्मवार वाटणीनं दिलं, आणि ते उत्तर अजून जागच्या जागी उभं आहे.

२. मग संघ

जागा धर्मवार मिळाली की संघही धर्मवारच पडणार. ज्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते, तिथंच तुमची बैठक जमते.

युरोपियन आणि पारशी यांचे ठरावीक सामने १८९०च्या दशकात रुळले. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी. १९३७ मध्ये या चारांत न बसणाऱ्यांचा, म्हणजे भारतीय ख्रिस्ती वगैरेंचा, ‘इतर’ नावाचा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. मुंबईत हा जत्रेसारखा सोहळा असे. माणसं झाडांवर चढून सामने बघत.

‘हिंदू संघ’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण हिंदू म्हणून एकत्र खेळायची सवय तरी कुठं होती? मुंबईतले सुरुवातीचे हिंदू क्लब पोटजातींचे आणि प्रांतांचे होते: गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा. समोर पारशी आणि युरोपियन असल्यामुळे या सगळ्यांना एका झेंड्याखाली यावं लागलं. खेळ समाजाला कसा घडवतो, याचं हे पहिलं उदाहरण. घरी एका पंगतीला न बसणारी माणसं एका यादीत आली, कारण प्रतिस्पर्ध्यानं त्यांना एका नावानं ओळखलं.

पण या यादीत हिंदू समाजातले सगळे होते का?

३. धावफलकाचा हिशेब

पुढची गोष्ट समजायला एक साधी कल्पना हाताशी हवी. तिला आपण ‘भेदभावाची किंमत’ म्हणू.

एखाद्या कचेरीत हुशार माणसाला जातीमुळे डावललं, तर कचेरीचं किती नुकसान झालं हे कोणाला दिसत नाही. फायली थोड्या उशिरा हलतात, एवढंच. खेळात नुकसान लपत नाही. ते संध्याकाळपर्यंत फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं.

छोटं गणित करू. तुमच्यापुढे दोन गोलंदाज आहेत. पहिला सरासरी १८ धावा देऊन एक बळी घेतो, दुसरा ३० धावा देऊन. पहिला ‘आपल्यातला’ नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याला घेतलंत. डावात त्यानं पाच बळी मिळवले.

पहिल्यानं ते पाच बळी घेतले असते तर धावा गेल्या असत्या ५ × १८ = ९०.
दुसऱ्यानं घेतले तेव्हा गेल्या ५ × ३० = १५०.
फरक ६० धावांचा.

एका डावात सोवळ्याची किंमत साठ धावा. ती द्यायची तयारी कोणाचीही असू शकते, पण मग समोरच्या तंबूत टाळ्या वाजताना ऐकाव्या लागतात. खेळ माणसांची मनं लगेच बदलत नाही. आधी तो हिशेब बदलतो. मन मागाहून, कुरकुरत येतं.

४. पुण्याच्या मैदानावरचा माळी

आता खरा माणूस भेटवतो. पालवणकर बाळू. जन्म १८७६चा, चांभार कुटुंबातला, वडील लष्कराच्या नोकरीत. त्यामुळे पोरांचं बालपण छावणीच्या आसपास गेलं आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर भावांनी खेळ शिकला.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं. पगार महिना ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथं ४ रुपये मिळत. जाळ्या बांधायच्या, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि कोणी सरावाला आलं की चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा कॅप्टन उत्तम फलंदाज होता. तो रोज आधी येऊन बाळूंची डावखुरी फिरकी खेळे. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केलं की तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे.

या सरावात एक गोष्ट मात्र कधी घडली नाही. बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणं हे घाम गाळायचं काम, फलंदाजी हा साहेबाचा आनंद. मोट ओढायला गड्यानं जावं आणि पाण्याची पाळी मालकानं ठरवावी, तसंच हे. समाजातली श्रमाची विभागणी खेळात अशी उतरते. पण या विभागणीला एक फट राहिली. हजारो चेंडू टाकता टाकता नोकर कसबी झाला. इतका, की त्याच्या तोडीचा गोलंदाज गावात उरला नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर वाद झाला. काहींना अस्पृश्याबरोबर खेळणं मान्य नव्हतं. पण हिशेब सर्वांना कळत होता. अखेर बाळू संघात आले, आणि मग एक तडजोड निघाली. अशी तडजोड फक्त आपल्याच समाजाला सुचावी. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळ्यांनी झेलायचा, फेकायचा, कपड्याला पुसायचा. चहाच्या वेळी मात्र सगळे आत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फोडून टाकता येईल अशा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी.

चेंडू चालला, कप चालला नाही. चामड्याचा चेंडू विटाळत नाही आणि चिनी मातीचा कप विटाळतो, याला कुठलंही शास्त्र आधार देणार नाही. पण या विसंगतीचा एक फायदा झाला. घराच्या चार भिंतींत जी रूढी कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हती, ती हजारो प्रेक्षकांसमोर उघडी पडली. न्यायमूर्ती रानड्यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवलं असं सांगतात: ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाणंपिणं का नको?

५. पंगत आणि कप्तानी

पुण्यात प्लेग आला त्या वर्षी, १८९६ मध्ये, बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंच्या दोन डावांत २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. संघात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवराम होते. त्या काळच्या सुधारकी पत्रांनी धावांइतकीच एका वेगळ्या गोष्टीची दखल घेतली: मुंबईच्या खेळाडूंनी या दोघा भावांना आपल्या पंगतीला बसवलं होतं. पुण्यात जी रेघ चहापाशी ओढली होती, ती मुंबईत पुसली गेली.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी मिळवले. मुंबईत परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. दलित तरुणांसाठी ते दंतकथेतले वीर होते. डॉ. आंबेडकर तेव्हा विद्यार्थी होते, आणि त्यांनाही बाळूंचा अभिमान होता.

म्हणजे बाळू संघात आले, पंगतीत आले, नावाजले गेले. आता एकच जागा राहिली: कप्तानी. इथं भेदभावाच्या किमतीचा नियम लंगडा पडतो. गोलंदाजाचे बळी मोजता येतात. कप्तानाचं कर्तृत्व मोजायचं कशानं? जिथं मोजमाप संपतं तिथं ‘योग्यता’, ‘शिक्षण’, ‘घराणं’ असे शब्द सुरू होतात, आणि त्यांच्या आडून जुनी उतरंड परत येते. वर्षानुवर्षं सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळू कप्तान झाले नाहीत.

१९२०च्या चौरंगीत प्रश्न चिघळला. कप्तान एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा नेतृत्व तरुण दि. ब. देवधरांकडे दिलं गेलं आणि बाळू संघाबाहेरच राहिले. यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी आपली नावं मागे घेतली, कारणही जाहीर सांगितलं: हा आमच्या जातीचा अपमान आहे. गदारोळ झाला. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना उपकप्तान केलं गेलं, आणि भाऊ परत खेळले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली आणि चाहत्यांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

या गोष्टीतून एक क्रम हाती लागतो. पहिली पायरी चेंडूची, दुसरी पंगतीची, तिसरी कप्तानीची. पहिली पायरी कसबावर चढता येते. वरच्या पायऱ्यांवर कसब पुरत नाही. तिथं कोणीतरी ‘मग आम्ही खेळत नाही’ असं म्हणावं लागतं. आणि तसं म्हणण्याची ताकद त्यालाच असते, ज्याच्या न खेळण्यानं फळ्यावरचा आकडा बदलतो.

६. सीमारेषेबाहेर

मैदानावर कमावलेलं नाव मैदानाबाहेर चालतं का? चालतं, पण कोणाच्या बाजूनं चालेल ते आधी सांगता येत नाही.

१९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसनं भायखळा-परळ भागात बाळूंना उभं केलं, खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या खेळाडूचा आंबेडकरांना कधीकाळी अभिमान वाटे, तोच आता समोर होता. मंदिरप्रवेश, गांधीजी, स्वतंत्र मतदारसंघ यांवर दोघांची मतं वेगळी झाली होती. कर्तृत्ववान खेळाडू समाजाचं प्रतीक होतो, आणि प्रतीक झालं की त्यावर अनेकजण हक्क सांगतात.

७. तेच मैदान, उलटी दिशा

इथवर वाचून वाटेल की खेळ समाजाला पुढेच नेतो. थांबा. ज्या चौरंगीनं हिंदूंमधली एक भिंत थोडी खाली आणली, तिनंच हिंदू, मुसलमान, पारशी यांच्यातल्या भिंती दरवर्षी रंगवून ताज्या ठेवल्या.

विजय हजाऱ्यांचं उदाहरण घ्या. सांगलीचा हा मराठी भाषिक ख्रिस्ती फलंदाज. १९३९-४०च्या रणजी स्पर्धेत तो महाराष्ट्राकडून देवधरांच्या नेतृत्वाखाली खेळला, आणि महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला. पंचरंगीत मात्र हजारे ‘इतर’ ठरत. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंटनी नाबाद २५० केल्या. फॉलोऑन मिळालेल्या ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. माणूस तोच, बॅट तीच. पण एका स्पर्धेनं त्याला ‘महाराष्ट्राचा’ म्हटलं आणि दुसरीनं ‘उरलेल्यांतला’. संघ पाडण्याची पद्धत प्रेक्षकाला न बोलता शिकवत असते, की ‘आपला’ कोणाला म्हणायचं.

१९४० मध्ये गांधीजींनी जाहीर केलं, की धर्मवार संघ पाडून खेळणं त्यांना पटत नाही. वाद पेटला, काही खेळाडूंनी अंगही काढून घेतलं, पण सामने चालू राहिले. शेवटची पंचरंगी १९४५-४६च्या हंगामात झाली. पुढे प्रांतवार रणजी स्पर्धाच देशाची मुख्य स्पर्धा ठरली.

८. चार प्रश्न

या शतकभराच्या गोष्टीतून कुठल्याही खेळाला लावता येतील असे चार प्रश्न मिळतात.

जागा कोणाची? चेंडू कोणाच्या हातात? पंगत एक आहे का? कप्तान कोण?

महिला क्रिकेटला ते लावून पाहू. जागेचा प्रश्न: भारतात महिलांची स्वतंत्र क्रिकेट संघटना १९७३ची. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली महिला क्रिकेट आलं ते २००६ मध्ये. तोवर चांगली मैदानं आणि रेल्वेचं बरं आरक्षण, दोन्हींसाठी झगडावं लागे. चेंडूचा प्रश्न: २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. कसबाबद्दल शंका घ्यायला जागा राहिली नाही. पंगतीचा प्रश्न: २०२२ पासून पुरुष आणि महिला खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखं आहे, कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख. म्हणजे ताट एक झालं. पण वार्षिक करार पाहा. २०२४-२५ मध्ये पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची, महिलांची ५० लाखांची. भागाकार केला तर चौदापट.

याचं समर्थन असं होतं, की पुरुषांच्या सामन्यांतून पैसा जास्त येतो. ते खरंही आहे. पण ज्याच्या घरी पैसा त्याचा शब्द, हा कायदा आपण पहिल्या परिच्छेदातच पाहिला. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधा. आणि पंगतीचा प्रश्न आपल्या आसपास तपासायचा, तर स्टेडियमपर्यंत जायला नको. रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर जा आणि सामना संपेपर्यंत थांबा. खेळ चालू असताना सगळे सारखेच दिसतील. पण स्टंप उपटले गेले, चहाची किटली आली, की नीट बघा. रोलर ओढणारा मुलगा कप कुठं उभा राहून पितो, आणि तो कप कोण उचलतं.